लाल ठिपक्याच्या खाली

बाबांचा दम आणि माझं गिटारचं पेडल यांचा काय संबंध, हे सांगायला मला जरा लाजच वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं, हिचं डोकं फिरलंय.

भांडुपच्या आमच्या घरात दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट. तरुणपणी गिरणीत नाकातोंडात गेलेला कापूस म्हातारपणी उलटला, ऑक्सिजनचं मशीन लावूनही धाप लागायची. डॉक्टर सांगायचे, श्वास हळू घ्या. बाबा ऐकतील तर शपथ. मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते, त्यामुळे माझी प्रॅक्टिसही तिथेच, त्यांच्या पायथ्याशी बसून.

पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, वायरीने जोडायची छोटी डबी. त्यावर कामाचे नॉब दोन. डेप्थ वाढवला की आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो. ती लाट किती भरभर यायची, ते रेट ठरवतो. एका दुपारी बाबा धापा टाकत होते आणि मी वैतागून एकच कॉर्ड छेडत बसले होते. बघते तर त्यांचा श्वास लाटेबरोबर चाललेला. मी रेट जरासा कमी केला. श्वासही हळू झाला. अंगावर काटाच आला माझ्या. पण त्यांना आराम पडला ना, मग ते रोजचंच झालं.

एकदा हात घसरून रेट फार खाली गेला. दोन लाटांच्या मध्ये नुसती शांतता. त्या शांततेत बाबांची छातीही हलेना. मी घाईने नॉब वर केला, तसे ते डोळे मिटूनच म्हणाले, "थंय खाली तुझी आवस बसली हा."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. मी नेलपॉलिश आणलं आणि नॉबच्या कडेला लाल ठिपका दिला. याच्या खाली जायचं नाही.

मग रोजची कटकट. "खाली घे गो."

"नाही घेणार. गप पडून राहा."

ते चिडायचे. मीही चिडायचे.

शेवटी एका सकाळी त्यांचे हाल बघवेनात. मी नॉब ठिपक्याच्या खाली नेला. छाती थांबली. चेहरा इतका निवांत झाला की माझे बाबा मलाच ओळखू येईनात. त्यांनी हात उचलला आणि कॉटजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पुढे केला. मी घाबरले. खूप घाबरले. नॉब झटकन वर फिरवला आणि धाप परत सुरू झाली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"उठान गेली ती," म्हणाले.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. मी गिटार काढली की मान हलवून नको म्हणायचे. नवव्या दिवशी धापा टाकतच गेले. पेडल तेव्हा कपाटात होतं.

मी अजून तेच पेडल वाजवते. रेट ठिपक्याच्या खाली नेत नाही. तिथे आता दोघं बसली असतील. पुन्हा कुणाला उठवायची माझी हिंमत नाही.