सुई काढल्यावर

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी सौंदडच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत उभा होतो, ताईकडेच निघालो होतो. ताई गेली, म्हणाले. परवाच तर ती दवाखान्यातून बरी होऊन घरी आली होती...

माझी ही थोरली बहीण डॉक्टर. चिचगडकडच्या खेड्यांतले पेशंट बघण्यात तिचं आयुष्य गेलं आणि त्यातलं निम्मं त्यांच्या नातेवाइकांशी भांडण्यात. आमच्याकडे सलाईनची बाटली लटकली की इलाज सुरू, उतरली की डॉक्टरांनी हात टेकले, असाच समज. ताईचं उलटं. ताप उतरला, पेशंट जेवायला लागला, की ती शिरेतलं अँटिबायोटिक थांबवून गोळ्या सुरू करायची. सुई स्वतः काढायची, कापूस अंगठ्यानं दाबून धरायची आणि पेशंटचा हात धरून बसलेल्या नातेवाइकाला म्हणायची, "झालं. सोडा आता."

एकदा मी तिच्या वॉर्डात बसलो होतो. एका म्हातारीची सुई काढली, तर तिचा मुलगा रडायलाच लागला. "बाई, सुई काऊन काढून राहिल्या? माय वाचत नाही का?" ताईनं समजावलं, आता गोळी तेवढंच काम करते, सुई उगाच ठेवली तर हात सुजतो. त्यानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन सगळ्या सोयऱ्यांना फोन लावले. दुपारी जीपभर माणसं रडत आत शिरली, तर म्हातारी मांडी घालून भात खात होती. "मेली नाही ना मी! कायले रडून राहिले?" ताई कितीतरी दिवस हे सांगून हसायची.

तिलाच निमोनिया झाला तेव्हा मला हसू येईना. ताप उतरल्यावर सुई काढा म्हणून तीच मागे लागली, तिथल्या डॉक्टरांनाही ते पटलं. मी म्हणालो, "राहू दे ना अजून." "तूही त्यातलाच!" म्हणाली. घरी आली आणि झोपेतच... हृदय बंद पडलं, निमोनिया तर बरा झाला होता, असं डॉक्टर सांगतात. मला पटतं. पण अंथरुणाला पाठ टेकली की पटत नाही. उठतो, पाणी पितो, पुन्हा पडतो.

मागच्या आठवड्यात आईला भरती केलं. पाय सुजला होता, अंगात ताप. ताप उतरल्यावर सिस्टर सुई काढायला आली, तशी आईनं हात पदराखाली ओढला. "नको काढू. माझ्या पोरीची काढली होती."

सिस्टर माझ्याकडे बघू लागली. ताईचं ऐकायचं की माझ्या भीतीचं, हे मलाच ठरवायचं होतं.

"आई, भूक लागली का?"

"लागली ना."

"मग काढू दे."

सुई निघाली. कापूस मीच दाबून धरला. रक्त थांबलं, सिस्टर निघून गेली, तरी धरूनच होतो.

"झालं रे. सोड आता," आई म्हणाली.

मला सोडवेना.