अण्णांच्या खिशातला माझा कागद

दुकानात तीन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर दुकानदार, दुसरीवर अण्णा. तिसरी रिकामी. माझी आई फरशीवर बसली.

तिला कुणी खाली बस म्हटलं नव्हतं. ती आपणहून दारापाशी, पायपुसण्याशेजारी उकिडवी बसली. अण्णांसमोर आमच्यापैकी कुणी खुर्चीवर बसत नाही. त्यांच्या पडवीत नाही, ग्रामपंचायतीत नाही, आणि आता कुडाळच्या या चकचकीत दुकानातही नाही. मी उभी राहिले. फरशीवर बसायची लाज वाटत होती आणि खुर्चीवर बसायची भीती.

"लॅपटॉप कशासाठी हवाय?" दुकानदाराने अण्णांना विचारलं. उत्तर मी दिलं.

"कॉलेजसाठी. आणि गेम खेळायला."

मग अण्णा पोट हलवत हसले.

"गेम! बांगडे विकूक गेम लागतत काय गो?"

दुकानदार हसला. आणि पदराने तोंड झाकून माझी आईसुद्धा हसली.

त्या दोघांचं हसणं मी केव्हाच पचवलं. आईचं अजून घशात अडकलेलं आहे.

दोन हजार नऊचं साल. आमचं गाव आचऱ्याजवळ, समुद्राला लागून. घर अण्णांच्या भाटात, म्हणजे त्यांच्या माडांच्या बागेत. भिंती आमच्या, जमीन त्यांची. आजोबांच्या आधीपासून असंच. बाबा गोव्याला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, घरी यायचे ते गणपतीला. आई किनाऱ्यावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. कुठलाही कागद आला की आम्ही तो अण्णांकडे न्यायचो. विजेचं बिल, शाळेचा दाखला, दवाखान्याचा रिपोर्ट. मोठी वस्तू घ्यायची तर अण्णांना बरोबर न्यायचं. आमच्या वतीने ते बोलणार. आमच्या जिभेला जणू शहरात मनाईच होती.

मी बारावी झाले. कॉम्प्युटरच्या कोर्सला प्रवेश मिळाला. सर म्हणाले, लॅपटॉप असेल तर बरं. आईने तीन वर्षं बाजूला टाकलेले पैसे काढले आणि पहिली कुठे गेली असेल, तर अण्णांच्या पडवीत.

मी मात्र तयारी करून होते. मालवणच्या सायबर कॅफेत रविवारी जायचे. तिथे गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. पहिल्यांदा खेळले तेव्हा वळणावर आपटले. चौथ्या रविवारी बाजूच्या पोरांना मागे टाकलं. त्या गाडीत बसले की मला कुणी 'बाजूला हो' म्हणायचं नाही. रस्ता माझा असायचा. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि नाही.

उरलेल्या वेळात इंटरनेटवर वाचायचे. इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं डिक्शनरीत शोधायचे. गेम पळवायला लागणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप आमच्या पैशात बसत नव्हता. पण आदल्या वर्षीचं मॉडेल घेतलं तर त्याच पैशात ते कार्ड मिळत होतं. दिसायला जाड, वजनाला जड, पण गेम चालणार. दोन महिने खपून मी यादी केली. प्रोसेसर कुठला, रॅम किती, काय असलंच पाहिजे, काय नसलं तरी चालेल. चौकटीच्या वहीचा कागद. ग्राफिक्स कार्डाखाली हिरव्या पेनाने दोन रेघा.

तो कागद मी दुकानदारापुढे धरला. अण्णांनी मधेच घेतला. चष्मा लावून वाचला. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकला.

"चेडवाक गेम कित्याक? आणि तुका काय कळता त्यातला?"

यादीतला लॅपटॉप दुकानात होता. काळा, जाडजूड. एकच शिल्लक. मी बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "तो नको. जुना माल आहे तो." आणि त्याने एक रुपेरी, पातळ लॅपटॉप उघडून ठेवला. तेवढ्याच किमतीचा. मी म्हटलं, यात ग्राफिक्स कार्ड नाही. माझं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

अण्णा आईला म्हणाले, "ह्योच बरो. शिकाक पुरे. हात घाल."

हात घाल. हे शब्द बाहेरच्या माणसाला साधे वाटतील. आमच्या किनाऱ्यावर लिलावात टोपलीच्या कडेला हात घातला की टोपली तुमची. वर ताजे बांगडे आणि खाली मऊ पडलेले निघाले, तरी तुमची. बोंब मारायची नाही. हात घालून माघार घेतलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कुणी लिलावात उभं करत नाही. म्हणून आई आधी टोपली हलवायची, खालचा मासा ओढून काढायची, कल्ले उघडून बघायची, आणि मगच हात घालायची. वीस वर्षांत तिने घातलेला हात काढला नव्हता.

अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं.

"अण्णानू, तुमी म्हणशात तसा," आई म्हणाली. ती फरशीवरून उठली, तळवा लुगड्याला पुसला आणि त्या रुपेरी झाकणावर ठेवला. काही न हलवता. काही न उघडता.

संपलं. मी तिथे गळा काढून रडले असते तरी ती माघारी फिरली नसती. फिरता येतं हेच तिला माहीत नव्हतं. पैसे अण्णांच्या हातून गेले; देताना ते काउंटरवर वाकून दुकानदाराशी हळू बोलले. निघताना दुकानदाराने अण्णांना विचारलं, "मग तो काळा बाजूला ठेवू ना?" अण्णा म्हणाले, "ठेव." मला वाटलं, काउंटर आवरायचं चाललंय.

त्या लॅपटॉपवर गेम घातला. सुरू झाला. गाडी पहिल्या वळणापर्यंत आली आणि थांबली. मग एक इंच पुढे. पुन्हा थांबली. आई शेजारी बसून कौतुकाने बघत होती. "बरो आसा मा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बरो आसा." दुसरं काय सांगणार? तिची तीन वर्षं त्या डब्यात गेली होती. मी स्वतःलाच समजावलं की अभ्यास महत्त्वाचा. पोरीला गेम कशाला? अण्णांचं वाक्य मी माझ्या तोंडाने म्हणायला लागले होते. माणूस असा आतून बांधला जातो. दोरी दिसतसुद्धा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी बोलावणं पाठवलं. त्यांची नात पुण्याहून आली होती. माझ्याच वयाची, तीही कॉलेजात. पडवीत टेबलावर तिचा लॅपटॉप होता.

काळा. जाडजूड. मी ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तोच.

"आमच्या नातीक गेमाची भारी आवड," अण्णा मोठ्या कौतुकाने म्हणाले. "पण गेम नीट चलणा नाय. बघ गो जरा. तुका कळता मा त्यातला?" मग नातीकडे वळून म्हणाले, "खाली ठेव तो. ती खाली बसून करेल."

नातीने लॅपटॉप टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवला. माझ्यासाठी. मुलगी वाईट नव्हती. तिने खोकं उघडलं, बिल काढलं आणि बिलाबरोबर एक घडी घातलेला कागद पुढे केला.

"यात सगळी माहिती आहे. आजोबांनी यादी काढली होती, त्यावरून घेतला."

चौकटीच्या वहीचा कागद. हिरव्या दोन रेघा.

म्हणजे मला कळत होतं. अण्णांना ते त्याच दिवशी समजलं होतं. चष्मा लावून दोनदा वाचला होता तो कागद त्यांनी. माझी अक्कल त्यांच्या नातीसाठी चालत होती, फक्त माझ्यासाठी चालत नव्हती. आणि पोरीला गेम कशाला, हा प्रश्न त्यांच्या उंबऱ्याच्या आत कुणी विचारत नव्हतं.

बिघाड काय होता ते मी उभ्या उभ्या ओळखलं. एक सेटिंग बदलायचं होतं. दोन मिनिटांचं काम.

"बस मगे," अण्णा म्हणाले.

मी बसले नाही.

"माका कळता," मी म्हटलं. "पण मी करूचंय नाय. आणि ह्यो कागद माझो आसा. मी नेतंय."

अण्णांच्या तोंडाकडे वर मान करून बोलायची माझी ती पहिली वेळ. कागद मुठीत धरून पायऱ्या उतरले. मागून त्यांचा आवाज आला, "माज इलो काय गो तुका? घर कोणाच्या जमनीर आसा, इसारलंस?"

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने मला थोबाडीत मारली. मग चुलीपुढे बसून रडली. "पाय धर जावन," म्हणाली. मी गेले नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी वाट बंद केली. आमच्या दारातून किनाऱ्यावर जाणारी पायवाट त्यांच्या भाटातून जायची. तिच्यावर काटेरी तार आली. आता किनारा गाठायचा तर खाडीच्या कडेने. भरतीला तिथे मांडीपर्यंत पाणी. टोपली डोक्यावर घेऊन आई त्या चिखलातून जायची, आणि लिलाव अर्धा होऊन गेलेला असायचा. पाच दिवस मी हे बघितलं. प्रत्येक दिवशी वाटलं, जावं आणि ते एक सेटिंग बदलून टाकावं. दोन मिनिटांसाठी आईचे पाय का चिखलात घालतेय मी?

सहाव्या दिवशी सकाळी अण्णा तारेपलीकडे आले. आई टोपली घेऊन अंगणात उभी होती.

"चेडवाक धाडून दी," ते म्हणाले. "मशीन नीट करून देवंदे, आणि चुकलंय म्हणांदे. वाट उघडतंय."

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता. मला ते सहन झालं नाही. मी चपला पायात सरकवल्या.

"रव," आईने हात आडवा धरून मला थांबवलं.

तिने टोपली खाली ठेवली. तारेजवळ गेली.

"अण्णानू, वीस वर्सांत घातलेलो हात मी काढूक नाय. पण त्या दिवशी कुडाळाक मशीनीर पडलो तो हात माझो नाय होतो. तुमचो होतो. माझो हात मी कल्ले उघडून बघल्याबगर घालणंय नाय. चेडू येवचा नाय."

तिने टोपली उचलली आणि खाडीकडे वळली. मागे बघितलं नाही.

चांगलं काही झालं नाही. तार निघाली नाही. लॅपटॉप परत करायला गेलो, तर दुकानदाराने घेतला नाही. चार वर्षांचं कॉलेज मी त्याच रुपेरी डब्यावर काढलं आणि त्याच्यावर गाडी कधीच ते वळण पार करून गेली नाही.

पण त्यानंतर आमच्या वतीने कुणी बोललेलं नाही. बँकेत, कचेरीत, दुकानात जाते तेव्हा आधी रिकामी खुर्ची ओढते आणि आईला बसवते. मग तोंड उघडते. आई अजून खुर्चीच्या कडेलाच बसते, उठायच्या तयारीत. तरी बसते.

आणि लॅपटॉप कशाला हवा होता असं कुणी विचारलं, तर मी अभ्यासाचं नाव घेणार नाही. शिक्षणाचं, प्रगतीचं, घराला हातभाराचं घेणार नाही. खेळायला हवा होता. त्यांच्या पोरींना कारण द्यावं लागत नाही, मीही देणार नाही.

वाट आम्ही मागणार नाही. खाडीच्या कडेने जाऊ.