'येते' म्हणणाऱ्या टीचर

आठवड्याभरासाठी परदेशातून आलेला माणूस मुलांची सेवा करतो की स्वतःची सहल, हे तुम्ही कशावरून ठरवाल?

माझं उत्तर तयार होतं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मोर्चाचं असो की उपासनेचं, पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. असल्या सहलींविरुद्ध एक पत्रक मनातल्या मनात लिहूनही झालं होतं. म्हणून मे महिन्यात सक्करदऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी परदेशी पाहुणे आले आणि पाळकांनी मला दुभाषी व्हायला सांगितलं, तेव्हा मी अट घातली : जे बोललं जाईल तेच सांगेन, गोड करून नाही.

पाळक हसले. "बरं बाई, कडूच सांग."

माझ्या गटाला आलेली बाई पन्नाशीची होती. कूलरसमोरची जागा मुलांना देऊन ती स्वतः खिडकीच्या झळांमध्ये बसायची. चिकटकाम झालं की नळावर एकेकाचे हात स्वतः धुऊन द्यायची. तिला 'ळ' जमत नसे. 'येशू बाळ'चं 'येशू बाल' झालं की पोरं हसून लोळायची. "टीचर, बाल त डोक्यावर रायते!"

पहिल्या दिवशी निघताना ती माझ्याकडून शिकलेलं "मी जाते" म्हणाली. सगळी पोरं ओरडली.

"जाते नाही म्हणत वं टीचर! येते म्हणा लागते!"

"काहून?" तिनं विचारलं. 'का'साठीचा हा शब्द तिनं मुलांकडूनच उचलला होता.

"जाते म्हटलं का माणूस वापस येत नाही."

मग रोज ती "येते" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी खरंच यायची.

शेवटच्या दिवशीही दारात उभी राहून ती "येते" म्हणाली. गटातली एक मुलगी तिच्यासमोर येऊन थांबली. आठ-नऊ वर्षांची. तिची आई हिंगण्याच्या कंपनीत कामाला, कंपनीच्या बसनं जायची.

"कधी?" मुलीनं विचारलं.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलगी मला म्हणाली, "ताई, तिले सांग. मागच्या वर्षीची टीचरबी 'येते' म्हणून गेली. मावशी उमरेडले बलावे, मी नाही गेली. टीचर आली न मी नसली त? पूरी सुट्टी इथंच बसली."

मी शब्दन् शब्द सांगितला. पाळक मागून कुजबुजले, "'पुढच्या वर्षी येईन' असं म्हणायला सांग तिला. लेकरू आहे."

अट अट असते. मी तेही भाषांतर करून सांगितलं, पाळकांचं आहे असं सांगून. त्यांनी कपाळाला हात लावला.

बाई मुलीसमोर खाली बसली. मग म्हणाली, आणि मी तसंच मराठीत सांगितलं, "मला माहीत नाही. बहुतेक मी येणार नाही."

मुलीनं विचार केला.

"मंग जाते म्हण."

कुणीतरी "अवं!" केलं. आपल्यात असं म्हणत नाहीत. बाईचे डोळे भरले होते, पण ती मराठीत स्पष्ट म्हणाली, "मी जाते."

"जा," मुलगी म्हणाली. तिनं बाईच्या गळ्यात हात टाकले, घट्ट, आणि सोडले. मग माझ्याकडे वळली. "ताई, आईले फोन लावून दे. उद्या मावशीकडं जातो म्हण."

माझं मनातलं पत्रक मी फाडलेलं नाही. पाहुणे गेल्यावर गट रिकामा राहतो, हे मी अजूनही म्हणते. पण रिकामा तो त्यांनी ठेवलेला नाही, आपण ठेवलाय. चर्चच्या त्या हॉलपासून चालत येण्याइतक्या अंतरावर आपण राहतो.

तेव्हा एक करा. तुमच्या घराजवळच्या चर्चमध्ये, वस्तीत, जिथं मुलांचा वर्ग भरतो तिथं या रविवारी जा आणि शिकवणाऱ्या ताईंना सांगा की वर्षभरासाठी एक गट मला द्या. वर्षभर जमणार नसेल, तर तेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.