मामांची एकच अट

आमच्या मधल्या मामांइतकं दोन्ही दिशांनी चालणाऱ्या रासायनिक क्रियांवर जीव टाकणारं माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरं सापडणार नाही. बदलापुरात ते बारावीची शिकवणी घेतात. समतोलाचा धडा आला की सोड्याची बंद बाटली टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, "आत काय चाललंय?" मुलं म्हणतात, काहीच नाही. मामांना हेच उत्तर हवं असतं. मग ते खुलून सांगतात, की आतला वायू पाण्यात विरघळतोय आणि तितक्याच वेगाने बाहेरही पडतोय. दोन्ही वेग सारखे, म्हणून वरून सगळं शांत दिसतं. "समतोल म्हणजे थांबणं नव्हे, आणि निम्मं-निम्मं वाटून घेणंही नव्हे," असं बजावून ते सोडा स्वतःच पिऊन टाकतात.

घरातही हेच. मामी रागावली की मामा मुकाट्याने भांडी घासायला घेतात. समतोलावर ताण आला की तो कमी होईल त्या बाजूला क्रिया सरकते, असा नियमच आहे म्हणे. "मग ताण रोजच द्यायला हवा," असं मामीचं मत.

मामेबहिणीने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या सिंधी कापडवाल्यांचा मुलगा पसंत केला, तेव्हा बैठकीत व्याह्यांनी अदबीने विचारलं, की तुमची काही अट? मामांनी पेन काढलं आणि मिठाईच्या पुड्यावर एकमेकांविरुद्ध तोंडं केलेले दोन बाण काढले. व्याही घाबरले. त्यांना वाटलं, पत्रिकेत काही निघालं.

"मुलगी तुमच्याकडे येणार, ही एक दिशा," मामा म्हणाले. "तिचं आणि तुम्हा सगळ्यांचं इकडे येणं, ही दुसरी. दोन्ही चालू राहिल्या पाहिजेत."

"बस, इतनाच?" व्याही म्हणाले. "मग आम्ही हर रविवारी येतो ना, सर."

आणि लग्नानंतर खरंच आले. सगळं कुटुंब, डाळ-पकवानाचे डबे घेऊन. मामी अळूवड्या तळून थकायची आणि मामा आनंदाने सगळ्यांच्या मधे मधे करायचे.

मग जावयाला कॅनडात नोकरी लागली. लेक-जावयाला निरोप देऊन विमानतळाबाहेर आलो तेव्हा मामा हळूच मला म्हणाले, "समतोल बंद भांड्यातच टिकतो. झाकण उघडलं की गेलेला वायू परत येत नाही. वर्गात मी हे दर वर्षी सांगतो."

त्यानंतरच्या रविवारी मामी म्हणाली, आता कोण येणार, थोडंच करते. पण दुपारी दारात व्याही आणि विहीणबाई उभे होते. सवयीने डबे नेहमीइतकेच आणलेले. मामांनी डबे हातातून घेतले आणि दोघांना बसवलं. मग विहीणबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मामीला म्हणाल्या, की मला अळूवडी शिकवा, सुनेने फोनवर विचारलं तर सांगता आली पाहिजे.

त्या दिवशी मामा रसायनशास्त्राचं एक अक्षर बोलले नाहीत. व्याह्यांच्या ताटात वड्या वाढत राहिले, ते पुरे म्हणेपर्यंत. आणि व्याही पुरे म्हणाले नाहीत.