न झालेल्या प्रयोगाचं परीक्षण

आमचं साप्ताहिक आठ पानांचं. दादरला एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर ऑफिस होतं. मोठ्या पेपरांना ज्यांच्याकडे बघायला वेळ नसतो ती नाटकं, गाण्याच्या बैठका, चित्रांची प्रदर्शनं आम्ही छापायचो. शेवटचं पान माझं होतं, आणि त्या पानाचा मला भलताच तोरा होता.

अंक गुरुवारी दुपारी छपाईला जायचा. गुरुवारी संध्याकाळी कुणाचा पहिला प्रयोग असला की पंचाईत. त्यावर आम्ही तोड काढली होती. आदल्या दिवशी तालीम बघायची आणि प्रयोग बघितल्यासारखं परीक्षण लिहून द्यायचं. संपादकांना हे माहीत होतं, नाटकवाल्यांनाही माहीत होतं. शुक्रवारी छापून आलेलं सगळ्यांनाच हवं असायचं, त्यामुळे कोणी काही बोलायचं नाही. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट ही चलाखी आपल्याला छान जमते असं वाटायचं.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका ग्रुपने चाळ पाडली जाण्याआधी तिच्यावरच नाटक बसवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत एकच प्रयोग, आणि मग घरं रिकामी व्हायची होती. मुख्य काम एका पन्नाशीच्या बाईंचं होतं. बसमध्ये कंडक्टर, जन्म त्याच चाळीतला, आणि स्टेजवर पहिल्यांदाच उभ्या राहणार होत्या. बुधवारी मी तालमीला गेले, पुढच्या खुर्चीत बसले आणि वही काढली. बाई दोन वाक्यं बोलायच्या आणि अडायच्या. मागून सांगावं लागायचं. मी अर्ध्यातच उठले.

परीक्षणात लिहिलं, ‘मुख्य भूमिकेतल्या बाईंचं पाठांतराशी वैर असावं. प्रेक्षकांनी त्यांच्यापेक्षा विंगेतला आवाजच जास्त ऐकला.’ प्रेक्षक जांभया देत होते, असंही वर ठोकून दिलं. वाक्यं जमली म्हणून खूश होऊन मी चहा मागवला.

शनिवारी सकाळी त्यांच्या दिग्दर्शकाचा फोन आला.

‘जयभीम ताई. गुरुवारी प्रयोग झालाच नाही,’ तो शांतपणे म्हणाला. ‘दुपारी चाळीत मयत झाली. वरच्या माळ्यावरचे आजोबा गेले. घरात मयत असताना कोण स्पीकर लावणार? उद्या ठेवलाय आता.’

मी सॉरी म्हटलं, पुढच्या अंकात खुलासा छापू म्हटलं.

‘ते तुमचं तुम्ही बघा. पण मावशी उभ्या राहायला नाही म्हणतायत. तुमचं पान अख्ख्या चाळीच्या ग्रुपवर फिरलंय.’

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. खोलीत सामानाची खोकी रचलेली होती. बाईंनी एक खोकं बाजूला करून मला बसायला जागा केली, पाणी दिलं. यापेक्षा त्यांनी दारातूनच हाकललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

‘तुम्ही काय खोटं नाय लिवलं मॅडम,’ त्या म्हणाल्या. ‘अडतच होते मी. एरवी नाय अडत. तुम्ही वही काढली ना, तिथून डोकं बंदच पडलं. गाडीत चेकर चढला की होतं तसं.’

‘पण लोकांनी अजून काहीच बघितलेलं नाही,’ मी म्हटलं. ‘उद्या तुम्हीच करा.’

‘लोकांनी वाचलंय ना. आता मी तोंड उघडलं की सगळे मागचा आवाज शोधणार.’

चूक झाली, असं मी तीनदा म्हणाले. मी न बघितलेलं लिहिते, नेहमीच लिहिते, हे मात्र त्यांच्या तोंडावर कबूल करायची हिंमत झाली नाही. त्याची लाज मला छापलेल्या मजकुरापेक्षा जास्त वाटते, आजही.

रविवारी त्यांच्या भाचीने ते काम केलं. एका दिवसात पाठ केलेलं, हातात कागद घेऊन. बाई माझ्या पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मध्येच भाची अडली, कागद उलटसुलट करू लागली. बाईंनी बसल्या जागेवरून हलकेच ते वाक्य सांगितलं. भाचीने ते उचललं आणि ती पुढे गेली.

बाई मात्र थांबल्या नाहीत. मान खाली घालून, अगदी बारीक आवाजात, त्या शेवटपर्यंत आपलं काम बोलत राहिल्या. मी मागे बसून ऐकत होते. एकदाही अडल्या नाहीत.