एका खांद्याला किती औषधं

परवा तू मानेला तो गरम पट्टा गुंडाळून फोनवर बोलत होतीस. तुझ्या भावानं मागून ओरडून सांगितलं की हिनं सुया टोचून घेतल्या, तळवे दाबून घेतले, हळदीच्या गोळ्या आणल्या आणि हे सगळं एकाच आठवड्यात. मग तू विचारलंस, "आजी, यातलं खरं काय?" मी एवढंच म्हटलं की आधी डॉक्टरला मान दाखव. उरलेलं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. ते तुमच्या मोठ्या आजीच्या खांद्यात आहे, म्हणून लिहून पाठवते.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. तुमचे आजोबा फौजेतून निवृत्त झाल्यावर आम्ही उंब्रजजवळच्या या गावी घर बांधलं, ते अक्कांच्या घराशेजारीच. मधे फक्त गोठा. गोठ्यात एकच म्हैस, लांब शिंगांची, आणि ती अक्कांशिवाय कुणाला नीट पान्हा सोडत नाही. थोरले दीर गेल्यावर शेत मुलाकडे गेलं, स्वयंपाकघर सुनेकडे गेलं. अक्कांकडे म्हैस तेवढी राहिली. सकाळ-संध्याकाळ दुधाची चरवी घेऊन त्या स्वतः डेअरीवर जातात. तिथं बायका भेटतात, गावाची खबरबात कळते, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. दुधापेक्षा त्यांना या जाण्यायेण्याचं मोल जास्त आहे, हे मला शेजारी राहून कळलं.

मागच्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा धरला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते अंबाड्यामुळे. आयुष्यभर स्वतःचा अंबाडा स्वतः घालणारी बाई एका सकाळी सुनेपुढे पाठ करून बसलेली दिसली. पुढे वैरणीचा भारा डोक्यावर घेता येईना, आणि मग धार काढायला हातही पुढे जाईना. सून अक्कांचं लुगडं नेसून म्हशीखाली बसली. म्हशीला वासानं फसवायचा हा आपल्याकडचा जुना उपाय. म्हशीनं निम्मं दूध दिलं आणि चरवीला लाथ मारली.

अक्कांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मनानं वाईट नाही. त्याला आईचे हाल बघवत नव्हते. ओसरीवर चहा पिता पिता तो म्हणाला, "आये, म्हस इकू आता. पिशवीतलं दूध दारात येतंय की."

"पिशवी बोलती व्हय माझ्यासंगं?" अक्का म्हणाल्या.

"म्हस तरी काय बोलती?"

"तुझ्यापरीस जास्त बोलती."

तो हसला, पण मागे हटला नाही. गुढीपाडव्यापर्यंत वाट बघायची, तोवर दोन्ही हातांनी धार काढता आली तर म्हैस राहील, नाहीतर व्यापाऱ्याला बोलवायचं, असं त्यानं ठरवलं. अक्का चहा तसाच ठेवून गोठ्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कराडला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. दुखणं कशाचं आहे हे कळल्याशिवाय त्यावर तेलसुद्धा चोळू नये, असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही तेच आहे. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं. खांदा आखडला होता. साखर असणाऱ्यांना हे बऱ्याचदा होतं म्हणे, आणि अक्कांची साखर वाढलेली होती, कारण गोळ्या त्या आठवण होईल तेव्हाच घेत. हात सुटायला बरेच महिने लागतील, पण व्यायाम रोज करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या बाईंनी व्यायाम करून दाखवला: भिंतीसमोर उभं राहून बोटं एकेक करून वर सरकवत न्यायची.

परतीच्या एसटीत अक्का म्हणाल्या, "पालीवानी भितीवर चढायचं व्हय आता? सून हसंल मला."

"गोठ्यात करा. तिथं कोण बघतंय?"

"म्हस हाय की."

"तिला सांगा, तिच्यासाठीच चाललंय."

हे त्यांना पटलं. गोठ्याच्या भिंतीशी व्यायाम सुरू झाला. बोटं जिथं पोचत तिथं मी रोज खडूनं रेघ मारायचे. म्हैस रवंथ करत बघायची. आठवड्यात रेघ थोडी वर सरकली आणि मी निश्चिंत झाले.

आता आपल्याकडची एक रीत सांगते, ती तुम्हाला तिकडे दिसायची नाही. इथं आजाऱ्याला भेटायला येणारं माणूस हात हलवत येत नाही, आणि फळं घेऊनही येत नाही. ते औषध घेऊन येतं. अक्कांच्या ओसरीवर निरगुडीचा पाला आला. माण भागातल्या ओळखीच्या मेंढपाळानं घोंगडं पाठवलं. खरखरीत, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेलं. त्यावर झोपलं की अंग मोकळं होतं म्हणे. सुनेची आई सांगलीहून स्वतःच्या रानातली हळद घेऊन आली आणि हळद-चुन्याचा लेप कसा लावायचा ते सांगून गेली. कुणी लोहचुंबकाचं कडं दिलं. आणि डेअरीवरच्या मैत्रिणीनं बिब्बा आणला.

एका सकाळी मी गोठ्यात गेले तर अक्का भिंतीपाशी नव्हत्या. घरात पदर खांद्यावरून लांब धरून बसल्या होत्या. पदर बाजूला केला तर खांदा फोडांनी भरलेला. रात्री त्यांनी बिब्ब्याचं तेल लावलं होतं, वर हळद-चुना, त्यावर बाम, आणि मग तापलेल्या विटेचा शेक. बिब्बा मुळातच कातडी जाळतो, आणि साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही. पुन्हा कराड. डॉक्टर रागावले आणि जखम भरेपर्यंत व्यायाम बंद केला. जखम भरून उठेपर्यंत खांदा पुन्हा आखडला. खडूची वरची रेघ नुसती बघायला राहिली. पाडवा जवळ येत होता.

मी विचारलं, "अक्का, सगळं एकदम का लावलंत?"

त्या म्हणाल्या, "कुनाला न्हाई म्हनू, धाकटे? बिब्बा आननारीच्या तिन्ही बाळंतपनात मी शेकलंय तिला. दुसरीच्या पोराच्या छातीला मी वेखंड लावलंय. आता माझ्यावर येळ आली, तिनं आनलेलं तसंच ठेवलं तर म्हनंल, हिला आमचं चालंना आता, कराडचं डॉक्टर चालतंय."

मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. गावात औषध नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. नुसतं "हे लावू नका" म्हणून भागणार नव्हतं. नाही न म्हणता थांबवायचं कसं, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दारात उसाच्या सरीतून वाहत होतं.

आपल्याकडे कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. ज्याची पाळी त्याचं पाणी, बाकीच्यांनी थांबायचं. लोक कुरकुरतात, पण पाळी मोडत नाहीत, आणि पाळीसाठी थांबण्यात कुणाला अपमान वाटत नाही. कालव्याच्या अगदी शेवटी ज्यांचं रान, त्यांना टेलचे म्हणतात. त्यांच्यापर्यंत पाणी पोचेल याची खात्री नसते.

दुसऱ्या दिवशी बिब्बावाली मैत्रीण ओसरीवर आली. खांदा बघून तिचा चेहरा उतरला होता, म्हणून मीच आधी बोलले. "औषध सगळ्यांचं घेणार आहोत, पण पाळीनं. एका वेळी एकच. आठ दिवस एकाचं, त्यात रेघ वर गेली तर ठेवायचं, नाही गेली तर दुसऱ्याची पाळी."

"आवं बाई, मग माजी पाळी कवा?"

"तुमचा पाट बंद आहे. जखम झालीय ना."

ती खळखळून हसली. "बंद तर बंद. आन् सांगलीच्या इहिनबाई?"

"त्या टेलला," अक्का आतून म्हणाल्या. आजारपणात त्यांनी केलेला हा पहिला विनोद.

"टेलला पानी पोचतंय व्हय कधी?"

"पोचंल की. हळद तुझी हाय व्हय? तुला काय घाई?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट डेअरीवर पोचली आणि गावानं ती मान्य केली. भेटायला येणारे आता विचारायचे, "सध्या कुनाची पाळी चालू हाय?"

क्रम मी लावला, आणि विचार करून लावला. जखम भरल्यावर पहिली पाळी निरगुडीची, कारण कोमट शेकानं स्नायू सैल पडतात आणि त्यावर लगेच व्यायाम करता येतो. शेक किती गरम, ते आधी माझ्या हातावर बघायचं. रेघ वर गेली. निरगुडी राहिली. मग घोंगडं. त्यानं रेघ हलली नाही, पण अक्कांना कुशीवर झोप लागायला लागली, आणि झोपलेलं माणूस सकाळी व्यायामाला कुरकुरत नाही. घोंगडंही राहिलं. मग गावात बाळंतिणींना अंघोळ घालणारी बाई तेल चोळायला यायला लागली. तिच्या तेलात काय आहे ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. ती चोळताना अक्कांशी तासभर गप्पा मारायची. त्या तासात दुखणं कमी असायचं, हे अक्का स्वतः सांगत. चुंबकाच्या कड्यानं काही झालं नाही. ते आभार मानून परत दिलं. हळदीची पाळी आली तेव्हा कातडी नाजूक होती, म्हणून लेपाऐवजी रात्री दुधात घेतली. रेघेवर फरक दिसला नाही. अक्कांना ती आवडते, म्हणून चालू आहे.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. यातल्या कशानंही आखडलेला खांदा सुटत नाही. खांदा सुटतो साखर ताब्यात आल्यानं, रोजच्या हालचालीनं आणि दिवस गेल्यानं. पण हालचाल करायला अंगात बळ लागतं, ते शेकानं येतं, झोपेनं येतं, आणि कुणीतरी आपल्या खांद्यावर हात ठेवून बसलंय यानं येतं. एवढं काम जे करेल त्याला मी खोटं म्हणणार नाही. जे कातडी जाळेल, किंवा गोळ्या बंद कर म्हणेल, त्याला मी दारात उभं करणार नाही. आणि एका वेळी एकच. नाहीतर कशानं गुण आला आणि कशानं घात झाला, काहीच कळत नाही.

पाडव्याला गुढी उभारली तेव्हा अक्कांचा हात डोक्याच्या वर जात होता, पण पूर्ण नाही. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. त्यानं म्हशीचे दात बघितले, कास बघितली. पुतण्या खाली मान घालून उभा होता. अक्का चरवी घेऊन गोठ्यात गेल्या आणि म्हशीखाली बसल्या. उजवा हात पुढे नेताना त्यांचा ओठ दाताखाली गेला, तो मला दिसला. मग म्हशीनं पान्हा सोडला. दोन्ही हातांची धार एकामागून एक चरवीत वाजायला लागली. सावकाश, मधेच थांबत, पण दोन्ही हातांची.

व्यापारी म्हणाला, "मावशी, म्हस चांगली हाय. पन तुमी इकत न्हाई वाटतं."

"न्हाई," पुतण्याच म्हणाला. मग आईकडे वळून, "पन भारा उचलायचा न्हाई आये. ते कबूल कर."

भाऱ्याशिवाय आपण शेतकरी कसल्या, असं काहीतरी अक्कांच्या मनात चाललं असावं.

"कबूल," त्या शेवटी म्हणाल्या. "वैरण तू आनायची. गाडीवरनं आन न्हाईतर डोक्यावरनं, पन येळंवर आन. ही उपाशी ऱ्हाईली तर तुला लाथ मारंल, मला न्हाई."

चरवी भरली तशी त्या उठल्या, पदर नीट केला आणि डेअरीच्या वाटेला लागल्या. चरवी डाव्या हातात होती. व्यापाऱ्याला चहा मी दिला.