वरंधा घाट, इंजिन बंद

बँकेत संगणक आले आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘स्वेच्छा’ हा शब्द बँकेचा. त्याच सुमारास मुलगी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि दीड वर्षात तिने कार घेतली. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगची जागा घरटी एक. त्या जागेत बारा वर्षं माझी मोटरसायकल उभी होती. कार बाहेर रस्त्यावर राहिली आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या दारावर रेघ ओढून गेलं.

“बाबा, गाडी विकून टाक,” मुलगी म्हणाली. “तिचं वय बघ. तुझं बघ.”

मला गाडी विकायची नव्हती. निवृत्त माणसाकडे ‘जरा जाऊन येतो’ म्हणायला कारण नसलं तरी निदान वाहन हवं. पण हे असं घरात बोलता येत नाही. म्हणून मी म्हणालो, “अजून घाट चढेल ती.”

“आणि तुम्ही?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

बोलण्यातून बोलणं वाढलं आणि पैज ठरली. मी एकट्याने वरंधा घाट उतरून महाडला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत यायचं. तसा आलो तर गाडी जागेवर राहील. मध्ये कुणाला मदतीला बोलवावं लागलं तर गाडी जाईल. पैज मुलीने लावली, अटी बायकोने घातल्या. बँकेत असती तर कर्जविभाग तिच्याकडेच दिला असता.

गुरुवारी सकाळी निघालो. स्वारगेट, कात्रज, कापूरहोळ, भोर. भोरच्या पुढे धरणाच्या पाण्याकडेने रस्ता वळत जातो आणि वाहनं इतकी कमी होतात की माणूस उगाचच स्वतःला प्रवासी वगैरे समजू लागतो. मीही समजलो. वाघजाईच्या देवळापाशी टपरीवर कांदाभजी खाल्ली. समोर सगळी दरी उघडी पडलेली होती. भजी तळणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, “एकलंच?” मी “हो” म्हणालो, जरा छाती काढून. “घरची येत न्हाईत व्हय?” असा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

तिथून खरा उतार लागतो. आणि तिथे मी जे केलं ते सांगायला मला अजूनही सोपं जात नाही. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

पुण्यात माझ्या पिढीच्या दुचाकीवाल्याला उतार दिसला की त्याचा हात आपोआप चावीकडे जातो. पेट्रोल वाचतं. चांदणी चौकातून कोथरूडपर्यंत मी कित्येक वर्षं गाडी बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, आवाज न करता उतरत आलो होतो. त्यात कौशल्य आहे असं मला वाटायचं. फक्त चांदणी चौकाचा उतार काही मिनिटांत संपतो, वरंध्याचा संपत नाही, हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

सुरुवातीला फार छान वाटलं. वारा, पाखरं, टायरची सळसळ. मग पाचव्या-सहाव्या वळणानंतर काहीतरी जळल्याचा वास आला. मला वाटलं, कुणीतरी वणवा लावला असेल. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय खाली गेला आणि गाडी तशीच चालत राहिली. पुढचा ब्रेक मुठीत आवळला, तोही तापून निकामी झालेला. अशा वेळी गिअर टाकून क्लच सोडला की गाडी आवरते, हे मला माहीत होतं. ते आठवलं गाडी थांबल्यावर.

डाव्या बाजूला डोंगर, उजवीकडे कठडा, तोही मधूनमधून. डोंगराच्या बाजूला रस्तादुरुस्तीच्या खडीचा ढीग दिसला आणि मी गाडी सरळ त्यात घातली. गाडी अर्ध्या ढिगात शिरून थांबली, मी उरलेल्या अर्ध्यात.

पलीकडे झाडाखाली डबा खात बसलेला रस्त्यावरचा कामगार उठून आला. माझ्या वयाचाच असेल.

“लागलं का?”

“नाही.” पँट गुडघ्यावर फाटली होती.

त्याने वाकून बघितलं. “अवं, गाडी तर बंद हाय!”

“बंद करूनच उतरत होतो. पेट्रोल वाचतं.”

त्याने दरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “किती वाचलं?”

मी खिशातून मोबाइल काढला. रेंज नव्हती. हात वर करून चार दिशांना फिरवला, तरी नव्हती. तो म्हणाला, “ब्रेक गार हू द्या. मग दुसऱ्या गेरात उतरा.” अर्धा तास त्याच्याजवळ बसलो, त्याने दिलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये खाली उतरलो. महाडला फुटलेला इंडिकेटर बदलून घेतला, पँट शिवून घेतली. पुरावे कसे मिटवायचे ते नोकरीत नुसतंच पाहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी घरी पोचलो. मुलगी लवकर आली होती. तिने हात मिळवला. “मानलं बाबा. कार बाहेरच राहील.” मी नम्रपणे मान हलवली.

“मग उद्या गाडी मी नेते,” ती म्हणाली. “ऑफिसचे सहा जण वरंध्याला चाललेत, बाइकवर. तू जाऊन आलास म्हणजे मी तर आरामात जाईन.”

तिला गाडी मीच शिकवली होती. चांदणी चौकाच्या उतारावर चावी कुठे फिरवायची, तेही मीच.

“घाटात इंजिन बंद करू नकोस,” मी म्हणालो.

“का? तूच तर म्हणतोस…”

“घाटात नाही करायचं.”

“अहो,” बायको म्हणाली, “काय झालं घाटात?”

मी सांगितलं. खडीच्या ढिगापर्यंत सगळं. मग मुलीने विचारलं, “पण तू फोन नाही केलास.”

“रेंज नव्हती.”

“असती तर?”

मी जरा विचार केला. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि मी आधीच बरंच दमलो होतो.

“केला असता.”

“मग गाडी गेली,” बायको म्हणाली. तिने ते रागावून म्हटलं नाही. उठून माझ्या गुडघ्याला लावायला हळद घेऊन आली.

शनिवारी पहाटे मुलगी गाडी घेऊन गेली. जाताना मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तिने हेल्मेटची काच खाली ओढली. दिवसभर मी फोनच्या शेजारी बसून होतो. घाटात रेंज नसते हे घरात सगळ्यात चांगलं मलाच माहीत होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

अंधार पडताना ती आली. धुळीने भरलेली, उन्हाने लाल झालेली.

“सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले,” बूट काढता काढता ती म्हणाली. “नुसती घरघर. कंटाळा आला बाबा.”